खाटा घटल्या, काम घटले काय?

रुग्णाच्या उशाशी चार दिवस बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, अशा प्रत्येक माणसाच्या मनात एक प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच. काल सकाळी जिने सलाईन लावली, दुपारी जिने औषधांच्या वेळा समजावून सांगितल्या, ती सिस्टर आज कुठे आहे, आणि तिच्या जागी आलेल्या या नव्या मुलीला सारे पुन्हा पहिल्यापासून का सांगावे लागते? पाळी बदलली, हे त्याचे सोपे उत्तर झाले आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु सहा महिन्यांनी त्याच वॉर्डात पुन्हा जाण्याची वेळ आली आणि ओळखीचा एकही चेहरा दिसला नाही, तर हे उत्तर पुरत नाही. मग कोणी म्हणतो, पगार परवडत नसेल. कोणी म्हणतो, लग्न होऊन गेली असेल. कोणी म्हणतो, आखातात पैसे जास्त मिळतात. या तिन्ही कारणांत तथ्य आहे. तरीपण त्यांच्याआड एक चौथे कारण दडलेले असते, आणि रुग्णाच्या नातलगांनी त्याचा विचार करणे तर दूरच, पण रुग्णालयाचे विश्वस्तदेखील तो क्वचितच करतात. ते कारण म्हणजे रुग्णालयाची बसलेली घडी वरून आलेल्या हुकुमाने विस्कटणे.

या प्रकरणात आपण त्या चौथ्या कारणाचा मागोवा घेणार आहोत, आणि त्यासाठी कॅनडातील ऑन्टॅरिओ या प्रांताचे उदाहरण मुख्यत्वे समोर ठेवणार आहोत. एका संपूर्ण प्रांतातील रुग्णालयांची फेरमांडणी अवघ्या चार-पाच वर्षांत सरकारी अधिकाराने घडवून आणली जावी, आणि तिचा परिचारिकांवर झालेला परिणाम त्याच प्रांतातील विद्यापीठांनी जवळून पाहून नोंदवून ठेवावा, असा योग इतरत्र सहसा जुळून आलेला नाही.

१. पुनर्रचना कशासाठी करतात?

प्रथम न्यायाने बोलले पाहिजे. रुग्णालयांची पुनर्रचना ही केवळ कंजूष हिशेबनिसांनी काढलेली टूम नव्हे. तिच्यामागे वैद्यकशास्त्राची स्वतःची प्रगतीही आहे. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया पूर्वी पोटावर मोठा छेद घेऊन करीत आणि रुग्ण आठवडाभर खाटेवर पडून राही. १९९० च्या सुमारास ती दुर्बिणीतून होऊ लागली आणि तोच रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ लागला. मोतीबिंदूचा रुग्ण तर सकाळी येऊन संध्याकाळी परतू लागला. अशा स्थितीत खाटा रिकाम्या पडू लागल्या, एकाच शहरात दोन-तीन रुग्णालये तीच तीच महागडी यंत्रे बाळगून बसलेली दिसू लागली, आणि त्याच सुमारास सरकारी तिजोरीवर कर्जाचा बोजा वाढला, तेव्हा एवढी रुग्णालये हवीत कशाला, हा प्रश्न कोणत्याही जबाबदार कारभाऱ्याला पडणे स्वाभाविक होते.

त्या प्रश्नाची उत्तरे मात्र नाना प्रकारची असतात. दोन-तीन रुग्णालये एका मंडळाच्या अधिकाराखाली आणणे, काही पूर्ण बंद करणे, उरलेल्यांतील खाटा कमी करणे, परिचर्येचा स्वतंत्र विभाग मोडून परिचारिकांना हृदयविकार, प्रसूती, अस्थिरोग अशा रोगवार शाखांत वाटून देणे, प्रमुख परिचारिकांची पदे रद्द करणे, कायम नोकरांच्या जागी अर्धवेळ वा बोलावल्या वेळी येणारी माणसे घेणे, आणि शिकलेल्या परिचारिकेच्या कामाचे तुकडे पाडून त्यांतील काही थोड्या आठवड्यांच्या शिक्षणावर तयार झालेल्या मदतनिसांकडे सोपवणे, हे सारे या एकाच सदरात मोडते. कागदावर हे उपाय निरनिराळे दिसतात, परंतु वॉर्डात उभ्या असलेल्या परिचारिकेवर ते बहुधा एकाच वेळी येऊन कोसळतात.

२. ऑन्टॅरिओत काय घडले?

१९९५ च्या अर्थसंकल्पात कॅनडाच्या केंद्र सरकारने प्रांतांना आरोग्य, शिक्षण आणि समाजकल्याण यांसाठी दिल्या जाणाऱ्या रकमेत मोठी कपात जाहीर केली. त्याच वर्षी ऑन्टॅरिओत काटकसरीचे वचन देऊन माइक हॅरिस यांचा पक्ष सत्तेवर आला. १९९६ मध्ये त्या सरकारने आरोग्यसेवा पुनर्रचना आयोग नेमला आणि किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठाच्या वैद्यकशाखेचे माजी अधिष्ठाता डंकन सिंक्लेअर यांना त्याचे अध्यक्ष केले. सल्ला देणे एवढ्यावरच या आयोगाचा अधिकार थांबत नव्हता. कोणते रुग्णालय बंद करावे आणि कोणते कोणात विलीन करावे याचा बंधनकारक हुकूम देण्याची सत्ता कायद्याने त्याच्या हाती दिली होती. आयोगाचे प्रतिनिधी एकेका शहरात जात, आकडेवारी मांडत, हरकती ऐकत आणि मग निर्णय देत. टोरँटोतील जुने वेल्सली रुग्णालय १९९८ मध्ये सेंट मायकेल्स रुग्णालयात विलीन होऊन पुढे नाहीसे झाले. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेले म्हणून ज्याची कीर्ती होती ते विमेन्स कॉलेज रुग्णालय त्याच वर्षी सनीब्रुक या मोठ्या संस्थेला जोडण्यात आले. राजधानी ओटावातील फ्रेंचभाषकांचे माँफोर्ट रुग्णालयही बंद होणार होते, परंतु त्या समाजाने न्यायालयात दाद मागितली आणि २००१ मध्ये ते वाचले.

ऑन्टॅरिओ एकटा नव्हता. सस्कॅचवान प्रांताने १९९३ मध्येच ग्रामीण भागातील ५२ लहान रुग्णालयांचे काम थांबवले होते किंवा त्यांचे स्वरूप पालटले होते. आल्बर्टा प्रांतातील कॅलगरी शहराचे जनरल हॉस्पिटल तर ४ ऑक्टोबर १९९८ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आले, आणि जिथे आपण काम केले ती इमारत काही क्षणांत धुळीत मिळताना तिथल्या कित्येक परिचारिकांनी पाहिली.

ऑन्टॅरिओत हजारो परिचारिकांच्या जागा गेल्या. १९९७ मध्ये पत्रकारांनी या कपातीविषयी विचारले, तेव्हा मुख्यमंत्री हॅरिस यांनी त्यांची तुलना हुला हूप बनवणाऱ्या कामगारांशी केली. कमरेभोवती फिरवायच्या त्या कड्यांची चाल एके काळी होती, ती गेली आणि ती बनवणाऱ्यांना दुसरे काम शोधावे लागले, तसेच हे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे उद्गार त्या प्रांतातील परिचारिका आजतागायत विसरलेल्या नाहीत. मला ते महत्त्वाचे वाटतात, ते त्यांतील कठोरपणामुळे तर आहेतच, पण त्याहून अधिक त्यांतल्या चुकीच्या गृहीतकामुळे. कडी खपेनाशी झाली की ती बनवण्याचे काम खरोखरच संपते. रुग्णालयातील खाट काढून टाकली म्हणजे परिचर्येचे काम तसे संपते काय? ते पाहण्यासाठी आपल्याला थोडे अंकगणित करावे लागेल.

३. खाटांचा हिशेब

समजा, एका वॉर्डात ४० खाटा आहेत, त्या सर्व भरलेल्या असतात आणि प्रत्येक रुग्ण सरासरी ८ दिवस राहतो. म्हणजे रोज ५ रुग्ण घरी जातात आणि ५ नवे दाखल होतात. दिवसपाळीला दर ५ रुग्णांमागे एक याप्रमाणे ८ परिचारिका आहेत. आता नव्या उपचारपद्धतीमुळे मुक्काम ८ दिवसांवरून ५ दिवसांवर आला. रोज येणारे रुग्ण तेवढेच, पाचच. परंतु आता २५ खाटांत भागते. व्यवस्थापकाने १५ खाटा काढल्या आणि त्याच प्रमाणात परिचारिकाही ८ च्या ५ केल्या. दर ५ रुग्णांमागे एक हा जुना दंडक तंतोतंत पाळला गेला, कोणावर अन्याय झाला नाही, आणि तीन पगार वाचले, असे अहवालात लिहिता येईल.

आता वॉर्डाच्या आत पाहू. रुग्ण दाखल करून घेणे म्हणजे त्याची सर्व माहिती विचारणे, नाडी, ताप, रक्तदाब तपासणे, घरून आणलेली औषधे पाहणे, सुई लावणे, नातलगांच्या शंका फेडणे. आणि घरी पाठवणे म्हणजे जखम कशी राखावी, कोणते औषध केव्हा घ्यावे, काय झाले तर परत यावे, हे समजेपर्यंत सांगणे. या प्रत्येक कामाला एक एक तास धरला, तर ५ दाखल आणि ५ रवानगी मिळून रोज १० तास होतात. ही सारी कामे दिवसपाळीतच होतात असे धरू. पूर्वी हे १० तास ८ जणींत वाटले जात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सव्वा तास येई. आता ते ५ जणींत वाटले जातात आणि प्रत्येकीचे २ तास खातात. आठ तासांच्या पाळीतील ४८० मिनिटांतून पूर्वी ७५ मिनिटे वजा होऊन ४०५ उरत, म्हणजे प्रत्येक रुग्णाला ८१ मिनिटे. आता १२० वजा होऊन ३६० उरतात, म्हणजे प्रत्येकाला ७२. दंडक तोच राहिला, आणि प्रत्येक रुग्णाची ९ मिनिटे कोणालाही न कळता गेली.

एवढ्यावरही भागत नाही. आठ दिवसांच्या मुक्कामातील शेवटचे तीन दिवस रुग्ण पुष्कळसा बरा झालेला असतो. तो स्वतः उठतो, स्वतः जेवतो, शेजारच्या खाटेवरील म्हाताऱ्याला पाण्याचा पेलाही देतो. हे सोपे दिवसच घरी गेले. खाटेवर उरले ते फक्त कठीण दिवस, जेव्हा वेदना तीव्र असते, नळ्या लावलेल्या असतात आणि दर थोड्या वेळाने पाहावे लागते. म्हणजे प्रत्येक रुग्णाला पूर्वीपेक्षा जास्त वेळ हवा असताना कमी मिळतो. ज्यांनी हिशेब मांडला त्यांनी खाटा मोजल्या; काम खाटेला चिकटलेले नसते, ते रुग्णाच्या येण्याजाण्याला आणि त्याच्या दुखण्याला चिकटलेले असते, ही गोष्ट त्यांच्या कोष्टकात कुठेच नव्हती.

यॉर्क विद्यापीठातील एस्थर ग्रीनग्लास आणि रोनाल्ड बर्क या दोन संशोधकांनी पुनर्रचना चालू असलेल्या ऑन्टॅरिओतील रुग्णालयांतल्या परिचारिकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या मनःस्तापाचे सर्वांत ठळक आणि सातत्याने दिसणारे कारण वाढलेला कार्यभार हेच आढळले. नोकरी जाईल ही भीती होती, पण तिच्याहून जड होते ते हातावेगळे न होणारे काम.

४. ज्येष्ठतेची साखळी

आता दुसरी गोष्ट. कॅनडातील रुग्णालयांत परिचारिकांच्या संघटना बळकट आहेत आणि त्यांच्या करारांत ज्येष्ठतेला मान आहे. एखादी जागा रद्द झाली, तर त्या जागेवरील ज्येष्ठ परिचारिकेला आपल्याहून कनिष्ठ असलेल्या परिचारिकेची जागा मागण्याचा हक्क असतो. ती कनिष्ठ मग आपल्याहून कनिष्ठ असलेलीला हलवते, ती तिसरीला, आणि साखळीच्या अखेरीस जी सर्वांत अलीकडे लागलेली असते तिच्या हाती नोकरी संपल्याचे पत्र पडते. हा नियम अन्यायाचा नव्हे. वीस वर्षे सेवा केलेल्या बाईला वाऱ्यावर सोडू नये यासाठीच तो झगडून मिळवलेला आहे. परंतु एकाच वेळी शेकडो जागा रद्द झाल्या, तेव्हा या साखळ्या रुग्णालयभर सुटल्या आणि जिची जागा रद्द झालीच नव्हती अशा परिचारिकेलाही, आपण पुढच्या महिन्यात कुठे असू, हे सांगता येईना.

बालरोग विभागात पंधरा वर्षे घालवलेली परिचारिका अशा रीतीने शस्त्रक्रियेच्या वॉर्डात येऊन पडते. कागदोपत्री ती परिचारिकाच आहे, तेव्हा एक परिचारिका गेली आणि एक आली, शिल्लक बरोबर. वस्तुतः तिची स्थिती एखाद्या कसलेल्या सुगरणीला परक्या घरी नेऊन, पंगत बसलेली असताना, चुलीपुढे उभे करावे तशी होते. हात तेच, अनुभव तोच. पण मीठ कोणत्या डब्यात आहे, कोणत्या पाहुण्याला तिखट चालत नाही, आणि मदतीला आलेल्यांपैकी कोणावर भरवसा टाकावा, यांतले तिला काहीच ठाऊक नसते. ज्या वॉर्डात ती मुरलेली होती तिथे लहान मुलाच्या रडण्यावरून दुखणे वाढले की भूक लागली, हे तिला दारातूनच कळत असे. ते ज्ञान आता कोणाच्याच कामाचे नाही, आणि नवे ज्ञान हाती यायला वर्ष लागेल. मधल्या काळात आपण कमी पडतो आहोत ही जाणीव तिला रोज घरी घेऊन जावी लागते. ज्या बाईने आयुष्यभर आपले काम उत्तम केले आहे, तिला ही जाणीव पगारकपातीपेक्षा अधिक बोचते.

साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या तरुण मुली कुठे गेल्या? पुष्कळ सीमेपलीकडे गेल्या. अमेरिकेतील रुग्णालये त्या सुमारास कॅनडात येऊन भरती करीत असत. विंडसर शहरातील परिचारिकांना तर घरही सोडावे लागले नाही. नदीपलीकडे डेट्रॉइट आहे, मध्ये पूल आहे आणि नदीखालून बोगदाही आहे. कॅनडाच्या खर्चाने शिकलेल्या परिचारिका रोज सकाळी देशाची सीमा ओलांडून अमेरिकेतील रुग्णांची शुश्रूषा करण्यास जाऊ लागल्या आणि संध्याकाळी परत येऊ लागल्या.

ज्या देशात राहिल्या त्यांना पूर्णवेळ नोकरी मिळणे दुरापास्त झाले. १९९८ च्या सुमारास ऑन्टॅरिओतील परिचारिकांपैकी निम्म्याच्या आसपासच पूर्णवेळ होत्या. उरलेल्यांपैकी अनेकजणी दोन-दोन, तीन-तीन रुग्णालयांत तुकड्यातुकड्यांनी काम करून महिना भरून काढत. याचे मोल २००३ मध्ये मोजावे लागले. त्या वर्षी टोरँटोत सार्सची साथ आली, कॅनडात ४४ माणसे दगावली, आणि त्यांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर होते. एकच परिचारिका आठवड्यात तीन रुग्णालयांत पाऊल टाकते, तेव्हा संसर्ग रोखणे किती अवघड होते, हे त्या साथीत सरकारच्या प्रथमच पुरते ध्यानात आले.

५. समाधान कशात असते?

कामात समाधान आहे की नाही, हे मोजायचे कसे, असा रास्त प्रश्न वाचक येथे विचारील. अमेरिकेतील लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, स्कॉटलंड आणि जर्मनी या पाच देशांतील सुमारे ४३,००० परिचारिकांना प्रश्नावली पाठवून उत्तरे मिळवली आणि त्यांचा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केला. नोकरीविषयी असमाधानी असलेल्यांचे प्रमाण अमेरिकेत शेकडा ४१, कॅनडात सुमारे ३३, आणि जर्मनीत १७ च्या आसपास होते. त्या प्रश्नावलीतील एक भाग मला या आकड्यांपेक्षाही बोलका वाटतो. तुमच्या मागच्या पाळीत कोणती आवश्यक कामे करायची राहून गेली, असे तीत विचारले होते. तोंडाची स्वच्छता, पाठीच्या कातडीची निगा, रुग्णाला आणि घरच्यांना समजावून सांगणे, आणि रुग्णाशी दोन शब्द बोलून त्याला धीर देणे, ही कामे राहून गेली, असे असंख्य परिचारिकांनी लिहिले. त्याच पाळीत आपण जेवणाची ताटे पोहोचवली, ती गोळा केली, रुग्णाला ढकलगाडीवरून इकडून तिकडे नेले, असेही त्यांनीच लिहिले.

या दोन उत्तरांत समाधानाचे सारे रहस्य आले आहे. परिचारिकेला कामाचा कंटाळा येत नाही. तिला आपले काम अर्धवट टाकून घरी जावे लागते, आणि जे तिचे नव्हे ते पुरे करून जावे लागते, याने ती खचते. पाठीला चट्टा पडू नये म्हणून दर दोन तासांनी ज्या आजीबाईंची कूस बदलायला हवी होती, ती दुपारनंतर एकदाही बदलता आली नाही, हे तिच्याखेरीज कोणाला माहीत नसते, कोणी तिला त्याचा जाबही विचारणार नसतो, आणि म्हणूनच ते तिला रात्री झोपू देत नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट येते, आणि ती म्हणजे आपले गाऱ्हाणे ऐकायला कोणी आहे काय. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक वॉर्डाला एक प्रमुख परिचारिका असे. आपल्याकडे जिला परिसेविका किंवा सिस्टर इनचार्ज म्हणतात, तीच. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी अडचण आहे, कोणाला रात्रपाळी झेपत नाही, हे तिला ठाऊक असे, आणि डॉक्टरांशी वाद झाला तर ती आपल्या मुलींच्या मागे उभी राही. काटकसरीच्या हिशेबात हे पद चैनीचे ठरले. एकेका व्यवस्थापकाकडे दोन-तीन विभाग आले, कित्येक ठिकाणी शंभराहून अधिक माणसे एका व्यक्तीच्या देखरेखीखाली आली, आणि तिचा दिवस सभांत जाऊ लागला. वॉर्डातील मुलीला तिचे नाव माहीत असे. चेहरा क्वचित दिसे.

लंडन, ऑन्टॅरिओ येथील विद्यापीठात हेदर लॅशिंगर यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले. रोझाबेथ मॉस कँटर यांनी मांडलेला एक विचार त्यांनी परिचर्येला लावून पाहिला. माणसाला आपल्या कामावर ताबा आहे असे केव्हा वाटते? काय चालले आहे याची माहिती त्याला मिळते तेव्हा. अडचणीत पाठबळ मिळते तेव्हा. साधने आणि वेळ हाताशी असतात तेव्हा. आणि शिकायला, पुढे जायला वाव असतो तेव्हा. या चारी गोष्टी जिथे आहेत, तिथल्या परिचारिका अधिक समाधानी असतात, आणि वरिष्ठांवर त्यांचा विश्वासही अधिक असतो, असे लॅशिंगर यांच्या पाहण्यांत वारंवार दिसून आले. आता पुनर्रचनेकडे या दृष्टीने पाहावे. निर्णय बंद दाराआड होतात आणि वर्तमानपत्रातून कळतात, म्हणजे माहिती गेली. प्रमुख परिचारिका गेली, म्हणजे पाठबळ गेले. ९ मिनिटे गेली, म्हणजे वेळ गेला. प्रशिक्षणाची तरतूद तर सर्वांत आधी कापली जाते, म्हणजे वावही गेला. एका हुकुमाने चारी खांब एकदम हलतात.

उलट बाजूचा पुरावाही आहे, आणि तो पुनर्रचनेच्या लाटेच्याही आधीचा आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत परिचारिकांची तीव्र टंचाई होती, तरी काही रुग्णालयांना ती जाणवतच नव्हती. तिथे आलेली परिचारिका टिकत असे. अमेरिकेच्या परिचर्या अकादमीने सुचवल्या गेलेल्या १६३ रुग्णालयांतून अशी ४१ निवडली, त्यांचा अभ्यास केला आणि १९८३ मध्ये अहवाल काढला. लोहचुंबकाप्रमाणे परिचारिकांना ओढून घेणारी म्हणून ती पुढे ‘मॅग्नेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांत समान काय होते? परिचर्या विभागाची प्रमुख सर्वोच्च व्यवस्थापनात बसत असे, पाळ्या ठरवताना परिचारिकांना विचारले जाई, आणि रुग्णाविषयी त्यांचा निर्णय डॉक्टर मानत. पुढच्या दशकात पुनर्रचनेच्या नावाखाली अनेक रुग्णालयांनी नेमक्या याच गोष्टी मोडून टाकल्या, हे मला आजही अनाकलनीय वाटते. उत्तर हाती आलेले होते; ते फक्त वाचायचे होते.

६. रुग्णाचा यात काय संबंध?

कोणी म्हणेल, परिचारिकांचे समाधान ही त्यांची बाब झाली. रुग्ण बरा झाला म्हणजे पुरे. एकेन यांनीच २००२ मध्ये या म्हणण्याला उत्तर दिले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालये, १०,१८४ परिचारिका आणि २,३२,३४२ शस्त्रक्रियेचे रुग्ण यांची माहिती जोडून त्यांनी दाखवले की, एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता शेकडा ७ ने वाढलेली दिसते. ही वाढ चक्रवाढीने होते. चार रुग्णांऐवजी आठ असले, तर ती शेकडा ३१ पर्यंत जाते. त्याच एका वाढीव रुग्णामागे परिचारिका पार गळून जाण्याची शक्यता शेकडा २३ ने आणि नोकरीविषयी असमाधानी होण्याची शेकडा १५ ने वाढते. ज्यांचे बळ संपले होते आणि ज्या असमाधानीही होत्या, अशांपैकी ४३ टक्के परिचारिकांचा वर्षभरात ती नोकरी सोडण्याचा विचार होता. उलट ज्या गळून गेल्या नव्हत्या आणि समाधानी होत्या, त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के होते.

मग एकदा सोडून जाणे सुरू झाले की काय होते, पाहा. वॉर्डात २० परिचारिका आहेत आणि चौघी गेल्या. उरलेल्या १६ जणींवर प्रत्येकी सव्वापट भार आला. त्या भाराने आणखी दोघी गेल्या. आता १४ जणींवर जवळजवळ दीडपट भार आहे. पहिल्या चौघी पुनर्रचनेमुळे गेल्या असतील. नंतरच्या दोघी पहिल्या चौघींमुळे गेल्या.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. ज्या रुग्णालयात परिचारिका कमी तिथे इतर उणिवाही असू शकतात. म्हणून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याचा अनुभव मोलाचा आहे. तिथे २०१६ पासून काही सरकारी रुग्णालयांत दिवसपाळ्यांना सरासरी चार रुग्णांमागे किमान एक आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असा कायदा झाला. तो ज्यांना लागू झाला अशी २७ आणि ज्यांना झाला नाही अशी २८ रुग्णालये आधी आणि नंतर तपासली गेली. जिथे संख्या वाढली तिथे मृत्यू, पुन्हा दाखल होणे आणि मुक्काम या तिन्ही बाबतींत स्थिती सुधारली, आणि वाचलेला खर्च वाढीव परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

७. आपल्याकडे

महाराष्ट्रात रुग्णालये सुरुंग लावून पाडली जात नाहीत. इथली पुनर्रचना मुकाट्याने होते. निवृत्त झालेल्या अधिपरिचारिकेची जागा रिकामी राहते, मग तिथे अकरा महिन्यांच्या कराराने कोणी येते. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन खाटांमागे एक आणि सामान्य रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे. आपल्या सरकारी रुग्णालयाच्या रात्रपाळीत एकदा डोळे उघडे ठेवून बसलेल्या माणसाला तो किती पाळला जातो हे सांगायला नको. मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी परिचारिकांनी संप केला, तेव्हा खाजगी कंत्राटदारामार्फत भरती नको ही त्यांची प्रमुख मागणी होती. वर्तमानपत्रांतून ती पगाराची आणि कायमपणाची मागणी म्हणून वाचली गेली. ती तशी होतीच. पण बाह्य संस्थेकडून आलेली मुलगी वॉर्डात मुरण्याआधीच निघून जाते आणि तिला शिकवण्याचा भार दर वर्षी पुन्हा जुन्या सिस्टरवर पडतो, हा भागही तिच्यात होता.

८. गेलेल्या परत येतात काय?

ऑन्टॅरिओच्या सरकारने फार लवकर पवित्रा बदलला. ज्या मुख्यमंत्र्यांनी हुला हूपचा दाखला दिला, त्यांच्याच कारकिर्दीत परिचर्येसाठी कृतिदल नेमले गेले आणि १९९९ मध्ये त्याचा अहवाल येताच नव्या परिचारिका नेमण्यासाठी कोट्यवधी डॉलरांची तरतूद झाली. परंतु पत्र देऊन दोन आठवड्यांत काढून टाकलेली परिचारिका जाहिरात देऊन दोन आठवड्यांत परत येत नाही. जी टेक्ससमध्ये गेली तिने तिथे घर घेतलेले असते, मुले तिथल्या शाळेत जात असतात. जिने पेशाच सोडला तिचा हात मोडलेला असतो. आणि ज्यांना दारातूनच परत पाठवले त्या मुलींच्या धाकट्या बहिणी परिचर्येच्या शिक्षणाला जाण्यापूर्वी दोनदा विचार करतात. मधली एक पिढीच विरळ होते.

पुढच्या वर्षांत त्या प्रांताने जे उपाय केले, ते वरच्या सर्व विवेचनाच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहेत. शंभरातील किमान ७० परिचारिका पूर्णवेळ असाव्यात, हे उद्दिष्ट स्वीकारले गेले. २००७ पासून नव्याने उत्तीर्ण होणाऱ्या मुलींना पहिले सहा महिने पूर्णवेळ काम मिळेल आणि त्या काळात अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली त्यांना शिकता येईल, अशी हमी देणारी योजना आली. पंचावन्न वर्षांवरील परिचारिकांसाठी आणखी एक योजना निघाली: त्यांच्या कामाच्या वेळेपैकी एक पंचमांश वेळ रुग्णाला उचलण्या-धरण्याच्या कष्टांतून मोकळा करून तो नव्यांना शिकवण्यासारख्या कामाला द्यावा आणि त्याचा खर्च सरकारने सोसावा. माझ्या मते या सर्वांत ही शेवटची योजना सर्वाधिक शहाणपणाची आहे, कारण निवृत्तीच्या उंबरठ्यावरील बाईची पाठ आणि तिचे ज्ञान, दोन्ही तिने एकदम सांभाळली. पैसा मात्र वर्षावर्षाच्या मंजुरीवर अवलंबून राहिला. आणि विमेन्स कॉलेज रुग्णालय, जे १९९८ मध्ये सनीब्रुकला जोडले होते, ते २००६ मध्ये पुन्हा स्वतंत्र करण्यात आले.